श्वासातील धूळ आणि शरीरातील भक्षक पेशी

मुलाच्या हाती दिलेली पाटीवरची पेन्सिल ही दिसायला अगदी साधी वस्तू. भारतातील लक्षावधी मुलांनी आपले पहिले अक्षर तिनेच गिरविले. राखी रंगाची ही काडी एका मृदू, थराथरांच्या खडकातून कापून काढावी लागते, आणि या उद्योगाचे एक मोठे केंद्र मध्य प्रदेशातील मंदसौरच्या परिसरात होते. खडकाचा तुकडा विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीखाली धरला की त्याच्या काड्या पडत आणि त्याबरोबर पिठासारख्या बारीक धुळीचा लोट उसळे. करवतीजवळ बसणारा कामगार दिवसभर त्या लोटातच श्वास घेत असे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कामगारांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ५९३ कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांच्या, म्हणजे ५४.६ टक्क्यांच्या, फुफ्फुसांत सिलिकोसिस या असाध्य रोगाची चिन्हे आढळली.

पाटीवर लिहिताना पडणारी भुकटी मुलाच्या बोटांना लागते आणि फुंकर मारली की उडून जाते. करवतीतून निघणारी धूळही त्याच दगडाची. मग एकीने केवळ बोटे पांढरी व्हावीत आणि दुसरीने माणसाचे आयुष्य ऐन तारुण्यात संपावे, असे का? या प्रश्नाचे अर्धे उत्तर धुळीच्या कणांच्या आकारात आहे. उरलेले अर्धे, आणि अधिक विस्मयकारक, उत्तर मानवी शरीरातील एका पेशीत आहे. शरीराचे रक्षण करणे हे त्या पेशीचे काम. आणि ती आपले काम चोख बजावते म्हणूनच हा रोग होतो.

एक जुने दुखणे

दगडाच्या धुळीने माणूस मरतो हे ज्ञान नवे नव्हे. खनिजविद्येवरील जॉर्जियस अॅग्रिकोला या जर्मन पंडिताचा प्रख्यात ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ साली, प्रसिद्ध झाला. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या प्रदेशात लागोपाठ सात नवरे केलेल्या स्त्रिया आढळतात आणि ते सातही नवरे क्षयाने गेलेले असतात, अशी नोंद त्यात आहे. धुळीपासून रक्षण व्हावे म्हणून खाणकामगारांनी तोंडावर सैल वस्त्र बांधावे, असेही त्याने लिहून ठेविले. पुढे १७०० साली इटलीतील बेर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने निरनिराळ्या कारागिरांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पाथरवटांच्या शवांची चिरफाड करताना त्यांची फुफ्फुसे वाळूने भरलेली आढळतात, हे त्यात नमूद आहे. ‘सिलिकोसिस’ हे नाव मात्र १८७० च्या सुमारास, तेही इटलीतच, रूढ झाले. सिलिका म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे संयुग. आपल्याकडे जिला गारगोटी म्हणतात तो क्वॉर्ट्‌झ हे सिलिकेचे सर्वांत परिचित स्फटिकरूप होय. वाळूत, वालुकाश्मात, ग्रॅनाइटमध्ये आणि अकीकाच्या मण्यातही तीच असते.

एवढ्या दीर्घ काळात रोगाचे वर्णन झाले, नाव पडले. पण धूळ फुफ्फुसात जाऊन नेमके काय करते हे कोणालाच सांगता येत नव्हते. ते सांगता येण्यासाठी प्रथम एका निराळ्याच दिशेने शोध लागावा लागला.

मेसिना येथील काटा

इल्या मेच्निकोव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना या गावी समुद्रकाठी राहून काम करीत होता. तारामाशाची अळी पाण्यासारखी पारदर्शक असते. तिच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकातून जिवंतपणी पाहता येतात. या फिरत्या पेशी शरीरात घुसलेल्या शत्रूचा समाचार घेत असाव्यात, अशी कल्पना त्याच्या मनात आली. कल्पना खरी असेल, तर अळीच्या अंगात काटा टोचल्यास या पेशी त्याच्याभोवती गोळा झाल्या पाहिजेत. त्याने बागेतील गुलाबाचे काटे आणून अळ्यांच्या अंगात टोचले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिले, तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. बाहेरचा पदार्थ गिळून पचविणाऱ्या या पेशींना ‘भक्षक पेशी’ हे नाव मिळाले. त्यांतील आकाराने मोठ्या असलेल्यांना आज सर्वत्र मॅक्रोफेज म्हणतात. या शोधाबद्दल मेच्निकोव्हला १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

रोगप्रतिकारक्षमता ही केवळ रक्तातील द्रव्यांची करामत आहे, असे मानणारा पक्ष त्या काळी बलवान होता व मेच्निकोव्हला बरीच वर्षे टीका सोसावी लागली. आज दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर होते हे ठरले आहे. पण धुळीच्या प्रश्नाशी संबंध येतो तो मेच्निकोव्हच्या पेशीचा.

वायुकोशांतील पहारा

प्रौढ माणूस दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ही हवा श्वासनलिकेतून, तिच्या शाखा-उपशाखांतून जात जात अखेर कोट्यवधी वायुकोशांत पोचते. वायुकोशाची भिंत एवढी पातळ असते की हवा व रक्त यांच्यामधील अंतर एक मायक्रॉनही भरत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ही भिंत पातळ नसती तर प्राणवायू रक्तात शिरला नसता. पण पातळ भिंतीला पहारा लागतो.

पहिला पहारा नाकात व श्वासमार्गात आहे. धुळीचे मोठे कण तेथील ओलसर पृष्ठभागावर चिकटतात. श्वासनलिकेच्या अस्तरावरील केसांसारखे सूक्ष्म तंतू एकसारखे वरच्या दिशेने हलत असतात व चिकटलेली धूळ कफाबरोबर घशाकडे ढकलून देतात. पाटीवरची जाडीभरडी भुकटी या पहाऱ्यातून सहसा पुढे जात नाही. परंतु चार-पाच मायक्रॉनांहून लहान कण हवेबरोबर तरंगत थेट वायुकोशापर्यंत पोचतात. माणसाचा केस याच्या दहापट तरी जाड असतो, म्हणून हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. करवतीच्या लोटातील दिसणारी धूळ भीतिदायक वाटते. पण घातक असतो तो तिच्यातील न दिसणारा भाग.

वायुकोशात केसासारखे तंतू नाहीत. तेथे पहारा आहे भक्षक पेशींचा. वायुकोशाच्या आतल्या पृष्ठभागावर त्या सावकाश फिरत असतात व जे जे परके सापडेल ते गिळतात. जंतू असोत, मेलेल्या पेशींचे अवशेष असोत वा काजळी असो, पेशी आपल्या अंगाची घडी करून कणाला वेढते आणि तो एका पिशवीत बंद होऊन आत जातो. पेशीत आणखीही लहान पिशव्या असतात. त्यांत पाचक एंझाइमे साठविलेली असतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी १९५५ साली या पिशव्यांना लायसोसोम हे नाव दिले. गिळलेल्या कणाच्या पिशवीत लायसोसोम आपली एंझाइमे ओततो व जंतूचा चक्काचूर होतो. एंझाइमे पिशवीत बंद असतात म्हणूनच पेशी स्वतः शाबूत राहते. घरातील चूल चुलीतच पेटावी, छपरात पेटू नये, तसाच हा प्रकार.

काजळी पचत नाही, पण ती पिशवीत पडून राहते. पेशी ती वाहून नेते. कधी घशाकडे, कधी फुफ्फुसाजवळच्या लसीका ग्रंथींकडे.

गारगोटीचे कोडे

सिलिकोसिस झालेल्या माणसाच्या फुफ्फुसात लहान लहान टणक गाठी आढळतात. गाठ कापली तर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक चढलेले तंतूंचे थर दिसतात. हे तंतू कोलॅजेन या प्रथिनाचे, म्हणजे जखम भरून येताना जो व्रण पडतो त्याच द्रव्याचे असतात. गाठी वाढत जाऊन एकमेकींना मिळतात, फुफ्फुस ताठर होते, आणि रोग्याला प्रथम चढण चढताना, मग सपाट जमिनीवर, अखेर अंथरुणातही दम लागू लागतो.

गारगोटीचे कण धारदार असतात. ते फुफ्फुसाला कापतात आणि त्या जखमांचे व्रण म्हणजेच या गाठी, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. समजूत सोपी होती, परंतु टिकली नाही. गारगोटीहून कितीतरी कठीण असलेल्या कार्बोरंडमच्या आणि हिऱ्याच्या धुळीने अशा गाठी होत नाहीत. मग दुसरी उपपत्ती पुढे आली: सिलिका शरीरातील द्रवात किंचित विरघळून सिलिसिक आम्ल बनते आणि ते विषासारखे काम करते. पण अस्फटिक सिलिका स्फटिकापेक्षा अधिक सहज विरघळते आणि तरीही ती कमी अपायकारक आहे. पुढे संशोधकांनी सिलिकेची भुकटी विशिष्ट पटलाच्या डबीत बंद करून ती प्राण्यांच्या उदरपोकळीत ठेवली. पटलातून विरघळलेले आम्ल बाहेर येऊ शकत होते, पेशी मात्र आत जाऊ शकत नव्हत्या. डबीभोवती गाठी झाल्या नाहीत. ज्याने रोग होतो ते कणाच्या अंगी तर होतेच. पण पेशीशी कणाची प्रत्यक्ष गाठ पडल्याखेरीज ते प्रकट होत नव्हते.

ती गाठ पडल्यावर काय होते, हे लंडन येथे अॅलिसन, हॅरिंग्टन व बर्बेक या तिघांनी केलेल्या व १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले. उंदराच्या भक्षक पेशी काचपात्रात वाढवून त्यांना सिलिकेचे आणि हिऱ्याच्या भुकटीचे कण देण्यात आले व पुढचा सारा व्यापार चलच्चित्रणाने आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहण्यात आला. आरंभी दोहोंत काहीच फरक नव्हता. पेशींनी हिराही गिळला, सिलिकाही गिळली. दोन्ही कण पिशव्यांत बंद झाले आणि लायसोसोमांनी दोन्हींवर एंझाइमे ओतली. हिऱ्याचे कण पिशवीतच राहिले व पेशी जगली. सिलिकेचे कण मात्र चोवीस तासांच्या आत पिशवी फोडून बाहेर पडले होते. त्यांच्यामागोमाग एंझाइमेही पेशीच्या अंतर्भागात पसरली, आणि बहुतेक पेशी मेल्या.

गारगोटी पेशीला बाहेरून मारीत नाही. पेशीने ती तत्परतेने गिळली, कोठडीत टाकली, आणि कोठडीची भिंत आतून फुटली. सिलिकेच्या पृष्ठभागावर असणारे काही रासायनिक गट पेशीच्या पटलातील स्निग्ध द्रव्यांशी जोडले जातात व त्यामुळे पटल दुबळे होते, असे आज मानले जाते. नुकत्याच फोडलेल्या स्फटिकाच्या ताज्या पृष्ठभागावर हा गुण विशेष तीव्र असतो. म्हणून नदीकाठच्या वाळूत खेळणे आणि दगड फोडण्याच्या यंत्रापाशी उभे राहणे यांची तुलना होऊ शकत नाही.

या प्रयोगाने पेशीचा मृत्यू उलगडला, गाठीचा नव्हे. मेलेली पेशी तंतू तयार करीत नाही. ते काम तंतुजनक पेशींचे. त्यांना कामाला कोण लावते? हेपलस्टन व स्टाइल्स यांनी पुढच्याच वर्षी, १९६७ साली, एक साधी युक्ती योजली. सिलिका गिळलेल्या भक्षक पेशी ज्या द्रवात होत्या तो द्रव त्यांनी तंतुजनक पेशींच्या संवर्धनात घातला. त्या पेशी पूर्वीपेक्षा अधिक कोलॅजेन तयार करू लागल्या. संकटात सापडलेली भक्षक पेशी काहीतरी द्रव्य बाहेर टाकते व ते शेजारच्या पेशींना तंतू विणण्याची आज्ञा देते, हे त्यावरून उघड झाले.

ते द्रव्य काय व ते कसे सुटते हे कळावयास आणखी चाळीस वर्षे गेली. स्वित्झर्लंडमधील युर्ग चॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पेशीतील एका प्रथिनसमूहाचे वर्णन केले व त्याला इन्फ्लॅमासोम म्हटले. पेशीतील धोक्याची घंटा असे त्याला म्हणता येईल. ती वाजली की इंटरल्यूकिन-१ नावाचे दाह उत्पन्न करणारे द्रव्य तयार होऊन बाहेर पडते. संधिवाताच्या एका प्रकारात सांध्यात साचणारे यूरिक आम्लाचे स्फटिक ही घंटा वाजवितात, असे २००६ साली आढळले. मग २००८ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांतून जवळजवळ एकाच वेळी हेच सिलिकेच्या बाबतीतही सिद्ध झाले. लायसोसोम फुटणे हेच घंटा वाजण्याचे एक कारण, हेही त्यांपैकी एका शोधनिबंधाने दाखविले. १९६६ साली चित्रफितीवर दिसलेली फुटकी पिशवी आणि १९६७ सालच्या द्रवातील अज्ञात द्रव्य यांच्यामधील दुवा असा सापडला.

जंतूच्या बाबतीत हीच घंटा हितकर असते, कारण जंतू मरतो आणि घंटा थांबते. गारगोटीचा कण मरत नाही. पेशी मेली की तो मोकळा होतो; दुसरी पेशी येते, त्याला गिळते, मरते; मग तिसरी. काम सोडून गावी परतलेल्या माणसाच्या फुफ्फुसातही हे चक्र चालू राहते, व धुळीचा संबंध सुटल्यानंतर अनेक वर्षांनीही रोग वाढत जातो तो यामुळे.

क्षयाला उघडे दार

अॅग्रिकोलाने ज्यांची नोंद केली ते सातही नवरे क्षयाने गेले होते. त्या काळी दोन रोगांतील भेद ओळखता येत नव्हता, हे खरे. पण त्या नोंदीत वैद्यकीय सत्याचा अंशही असावा. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय होण्याचा संभव इतरांच्या निदान तिप्पट असतो, व काही व्यवसायांत तो त्याहूनही पुष्कळ अधिक आढळला आहे. कारण पुन्हा तीच पेशी. क्षयाच्या जंतूला वायुकोशात प्रथम गिळते ती भक्षक पेशी, आणि त्याला कोंडून ठेवणारीही तीच. अॅलिसन यांनी फिलिप डार्सी हार्ट यांच्यासह १९६८ साली असे दाखविले की, पेशी मरणार नाही इतकी थोडी सिलिका तिला दिली, तरी तिच्यातील क्षयाचे जंतू अधिक वेगाने वाढतात. (याच डार्सी हार्ट यांनी त्यापूर्वी वेल्समधील कोळसा कामगारांच्या फुफ्फुसांचा अभ्यास केला होता. त्यांना एकशे सहा वर्षांचे आयुष्य लाभले.)

भारतात या गोष्टीचे फार दुःखद परिणाम झाले आहेत. खोकला, वजन घटणे, छातीच्या क्ष-किरण चित्रात डाग ही लक्षणे पाहून खाणकामगाराला क्षयाची औषधे दिली जातात. त्याला क्षय असेल तर ती आवश्यकच असतात. पण नसेल, तर महिनोन्महिने औषधे घेऊनही दम कमी होत नाही आणि त्याच्या कागदपत्रांवर सिलिकोसिसचे नाव कधीच येत नाही. नाव न आल्याने भरपाई नाही. राजस्थानातील वालुकाश्माच्या खाणी, खंभात येथील अकीक घासण्याचे घरगुती कारखाने, गुजरातेतील गारगोटी दळणाऱ्या गिरण्या या सर्व ठिकाणी हे घडत आले आहे. त्या गिरण्यांत मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ या जिल्ह्यांतून आदिवासी स्त्रीपुरुष मजुरीसाठी जात, आणि धूळ इतकी दाट असे की काहींना थोड्याच वर्षांत मृत्यूने गाठले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. राजस्थान सरकारने २०१९ साली धुळीच्या रोगांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. रोग मात्र १९४८ च्या कारखाने कायद्यातच ‘कळविणे बंधनकारक’ अशा रोगांच्या यादीत समाविष्ट झालेला होता.

फुफ्फुसापलीकडे

एडिंबरोच्या बायरम ब्रॅमवेल या वैद्याने १९१४ साली त्वचा ताठर होत जाणाऱ्या एका दुर्मिळ रोगाचे नऊ रोगी वर्णिले. त्यांतील पाच जण पाथरवट होते. योगायोग म्हणून ती गोष्ट विसरली गेली. पुढे १९५३ साली अँथनी कॅपलन यांना वेल्समधील कोळसा कामगारांत सांध्यांचा संधिवात व फुफ्फुसातील विशिष्ट गाठी एकत्र आढळल्या, आणि १९५७ साली दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत एरॅस्मस यांना तोच त्वचेचा रोग पुन्हा दिसला. या रोगांत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते. फुफ्फुसात सतत मरणाऱ्या पेशींचे अंतरंग बाहेर सांडते, घंटा अखंड वाजत राहते, आणि आपले कोण व परके कोण हा विवेक संरक्षक पेशींना राहत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. धूळ श्वासावाटे शिरली तरी दुखणे बोटांच्या सांध्यांत प्रकट होऊ शकते, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

खाणीत न जाणाऱ्यांचे काय? शहरातील हवेत गारगोटीपेक्षा काजळी अधिक असते. वाहने, कारखाने, जळणारा कचरा व चुली यांतून ती निघते. काजळी पेशीला गारगोटीसारखी झटपट मारीत नाही, म्हणून तिला बराच काळ निरुपद्रवी मानले गेले. इंग्लंडमधील लेस्टर येथे २००६ साली निरोगी मुलांच्या थुंकीतून मिळालेल्या भक्षक पेशींतील काजळी मोजण्यात आली. पेशींत काजळी जितकी अधिक, तितकी मुलांच्या फुफ्फुसांची क्षमता कमी भरली. आफ्रिकेतील मलावी या देशात लाकूडफाट्यावर स्वयंपाक होणाऱ्या घरांतील माणसांच्या पेशींत कणांचा भरणा अधिक आढळला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉना फार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांचे २०२२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन याहून पुढे जाते. मरणोत्तर अवयवदान केलेल्या ८४ व्यक्तींच्या लसीका ग्रंथी त्यांनी तपासल्या. त्यांतील सर्वांत लहान व्यक्ती ११ वर्षांची, सर्वांत मोठी ९३ वर्षांची होती. लसीका ग्रंथी म्हणजे संरक्षक पेशींच्या छावण्या. भक्षक पेशी जे जे पकडून आणते त्याची ओळख इतर पेशींना तेथे पटविली जाते. तरुणांच्या फुफ्फुसालगतच्या ग्रंथी फिकट होत्या; वय वाढत जाई तसतशा त्या काळवंडत गेलेल्या दिसत. त्याच माणसांच्या आतड्यालगतच्या ग्रंथी मात्र उतारवयातही स्वच्छ होत्या. म्हणजे हा काळेपणा वयाचा नव्हे, हवेचा. आयुष्यभर वाहून आणलेली काजळी भक्षक पेशींनी तेथे साठवून ठेविली होती. कणांनी भरलेल्या पेशींची गिळण्याची शक्ती व इतर पेशींना संदेश देण्याची शक्ती, दोन्ही घटलेल्या होत्या. त्याच ग्रंथीतील, कण नसलेल्या पेशी मात्र ठीक काम करीत होत्या. वृद्धांना फुफ्फुसाचे विकार व संसर्ग अधिक त्रासदायक का होतात याचे एक कारण येथे असू शकते.

औषधाचा शोध आणि पाणी

सिलिकोसिसवर उपाय शोधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. सिलिकेच्या कणावर अॅल्युमिनियमचा लेप बसला तर तो पेशीला मारीत नाही, हे प्रयोगशाळेत खरे ठरले होते. १९६६ च्या प्रयोगांतही ते दिसले. तेवढ्या आधारावर कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९४३ ते १९७९ या काळात खाणकामगारांना कामावर जाण्यापूर्वी बंद खोलीत उभे करून अॅल्युमिनियमची बारीक भुकटी हुंगविली जात असे. धुळीवर उतारा म्हणून आणखी धूळ! तिने सिलिकोसिस टळला असे सिद्ध झाले नाही. उलट, त्या कामगारांत कंपवाताचे प्रमाण अधिक असल्याचे पुढे आढळले व २०२२ साली प्रांताने तो त्यांचा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला. फुफ्फुसातून गारगोटी बाहेर काढणारे वा झालेल्या गाठी विरघळविणारे औषध आजही नाही.

प्रतिबंधाचा मार्ग त्यामानाने अगदी जुना व स्वस्त आहे. खडकात भोके पाडणारी यंत्रे प्रथम आली तेव्हा त्यांतून एवढी धूळ उडे की अमेरिकेतील कामगार त्यांना ‘विधवा करणारी यंत्रे’ म्हणत. जॉर्ज लेनर याने १८९७ च्या सुमारास पोकळ पहारीचे यंत्र तयार केले. प्रथम त्यातून हवा सोडली जाई. धूळ आणखीच वाढली आणि कामगारांनी ते नाकारले. मग त्याने पोकळीतून पाणी सोडले. ओली धूळ उडत नाही, चिखल होऊन खाली पडते. दगड कापताना पात्यावर पाण्याची धार, दळण्याची यंत्रे बंदिस्त, आणि धूळ उडते त्याच जागी ती ओढून घेणारा पंखा ही साधने तेव्हापासून ठाऊक आहेत. खंभातच्या अकीक घासणाऱ्यांसाठी अहमदाबादच्या संस्थेने अशीच धूळ ओढून घेण्याची व्यवस्था तयार केली. तोंडाला बांधलेला रुमाल मात्र फारसा उपयोगी नाही; जे कण वायुकोशात पोचतात ते त्याच्या विणीतून सहज जातात.

काही वेळा पाणीही पुरेसे ठरत नाही. स्वयंपाकघरातील ओट्यांसाठी गारगोटीची भुकटी व राळ यांपासून जो कृत्रिम दगड तयार करतात, त्यात सिलिकेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. तो कापणाऱ्या तरुण कामगारांत सिलिकोसिस झपाट्याने पसरल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली.

क्ष-किरण चित्रात गाठी दिसू लागतात तेव्हा फुफ्फुसाची बरीच हानी होऊन गेलेली असते. त्याआधीच धोका कळावा म्हणून अहमदाबादच्या संस्थेने अलीकडे रक्ताची एक सोपी तपासणी विकसित केली आहे. श्वासमार्गाच्या बारीक शाखांतील पेशी एक विशिष्ट प्रथिन तयार करतात. सिलिकेची धूळ श्वासात जात राहिली की त्या पेशींची हानी होते व रक्तातील हे प्रथिन घटते. रक्ताच्या लहानशा नमुन्यावरून, मोठ्या प्रयोगशाळेवाचून, खाणीजवळच्या दवाखान्यातही ही घट पाहता येते. ज्याच्या रक्तात ती आढळेल त्याच्या छातीचे चित्र अजून स्वच्छ असू शकते आणि त्याला दमही लागत नसेल. त्याच्या वायुकोशांतील भक्षक पेशींनी मात्र गारगोटी गिळावयास केव्हाच आरंभ केलेला असतो.